आयुर्मान वाढले, शुश्रूषेचे काय?

सत्तर वर्षे व त्यावरील वयाच्या सर्व नागरिकांना, त्यांच्या उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारी योजना २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, सुरू करण्यात आली. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेचाच हा विस्तार आहे. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील ६ कोटी ज्येष्ठ नागरिकांना त्याचा लाभ मिळावा, असे उद्दिष्ट त्या वेळी ठेवण्यात आले. उतारवयात रुग्णालयाच्या खर्चाने खचून जाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा निर्णय निःसंशय महत्त्वाचा आहे.

मात्र वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न रुग्णालयात सुरू होऊन रुग्णालयातच संपत नाही. शस्त्रक्रिया काही तासांत होते, रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचा असतो. त्यानंतरचे कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे, वृद्ध व्यक्तीला गरज असते ती शुश्रूषेची. ही शुश्रूषा कोणी करायची, ती करणाऱ्यास शिक्षण कोणी द्यायचे आणि तिचा खर्च कोणी उचलायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे अद्याप स्पष्टपणे दिली गेलेली नाहीत.

वाढती संख्या, बदलती गरज

२००१ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या ७ कोटी ६६ लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती सुमारे १० कोटी ३८ लाखांवर पोहोचली. त्यांपैकी ७१ टक्के व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. एकूण लोकसंख्येत ज्येष्ठांचे प्रमाण केरळमध्ये सर्वाधिक म्हणजे १२.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच व्यक्तींपैकी एक साठ वर्षांवरील असेल आणि त्यांची संख्या ३४ कोटींच्या पुढे जाईल. त्यातही ऐंशी वर्षांवरील व्यक्तींची संख्या सर्वाधिक वेगाने वाढणार आहे. शुश्रूषेची गरज सर्वांत जास्त भासते ती नेमकी याच वयोगटाला.

याच संस्थेने देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची २०१७-१८ मध्ये पाहणी केली. त्या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाला. साठ वर्षांवरील ७५ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आहे, ४० टक्के व्यक्तींना कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे अपंगत्व आहे आणि २० टक्के व्यक्तींना मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत, असे त्या वेळी सांगण्यात आले. स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असलेल्या ज्येष्ठांची संख्या सुमारे ८८ लाख असावी, असा अंदाज याच पाहणीशी संलग्न असलेल्या अभ्यासातून २०२३ मध्ये मांडण्यात आला.

या आजारांपैकी बहुतेक पूर्ण बरे होणारे नाहीत. ते आटोक्यात ठेवायचे असतात आणि त्यांच्यासह माणसाला शक्य तितके स्वावलंबी ठेवायचे असते. म्हणूनच परिचर्याशास्त्रात वृद्धाची पाहणी रोगाच्या नावापासून सुरू होत नाही. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा गोष्टी ती व्यक्ती स्वतः करू शकते का, हे आधी पाहिले जाते. यांतील एकेक क्षमता गमावली जाते, तसतसे माणसाचे परावलंबित्व वाढत जाते.

वृद्धांचे आजार वेगळे का

वृद्धापकाळातील आजारांची लक्षणे पुष्कळदा फसवी असतात. तरुणाला न्युमोनिया झाला, तर ताप चढतो आणि खोकला येतो. ऐंशी वर्षांच्या व्यक्तीला तोच आजार झाला, तर ताप न येताही ती केवळ जेवेनाशी होते, गुंगीत पडून राहते. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊन जातो. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झालेली वृद्ध स्त्री जळजळीची तक्रार न करता एकाएकी असंबद्ध बोलू लागते आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून घरचे लोक तिकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाणारा स्मृतिभ्रंश आणि एक-दोन दिवसांत उद्भवणारी संभ्रमावस्था यांत मोठा फरक आहे. दुसरीचे कारण शोधून उपचार केल्यास ती बहुधा ओसरते. दुर्लक्ष झाल्यास जीवावरही बेतू शकते. हा फरक सर्वप्रथम लक्षात येऊ शकतो तो रुग्णाला रोज पाहणाऱ्या व्यक्तीच्या. अट एवढीच की, काय पाहायचे हे तिला शिकवलेले असले पाहिजे.

औषधांच्या बाबतीतही असेच आहे. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि निद्रानाश यांसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या आठ-दहा गोळ्या एकाच डब्यात गोळा होतात. वयोमानाने मूत्रपिंडाची कार्यक्षमता कमी झालेली असते, त्यामुळे औषधे शरीरात अधिक काळ राहतात. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते. सर्व औषधे एकत्र मांडून कोणते औषध कोणत्या वेळी घेतले जाते आणि त्यानंतर काय होते, याची नोंद ठेवणे हे वार्धक्य परिचर्येतील पायाभूत काम मानले जाते.

एका पडण्याची गोष्ट

या साऱ्याचा अर्थ ध्यानात येण्यासाठी घरोघरी घडणाऱ्या प्रसंगाचे उदाहरण पुरेसे आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या एखाद्या आजी रात्री लघवीसाठी उठतात, चार पावले चालतात आणि पडतात. खुब्याचे हाड मोडते. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया होते, विम्याच्या कार्डामुळे तिचा खर्च भागतो आणि आठवडाभरात आजी घरी येतात.

या घटनेच्या आधीचा काळ प्रथम पाहू. अंथरुणातून एकदम उठल्यावर त्यांचा रक्तदाब उतरत होता काय? झोपलेल्या आणि उभ्या स्थितीत रक्तदाब मोजून पाहिला असता, तर हे पाच मिनिटांत समजले असते. झोपेची गोळी सुरू होती काय? मोतीबिंदू पिकला होता काय? वाटेत दिवा होता काय, न्हाणीघरात धरायला दांडी होती काय, फरशी ओली होती काय? यांपैकी कोणत्याही प्रश्नासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. वर्षातून एक-दोनदा घरी येऊन हे पाहणारी प्रशिक्षित परिचारिका असती, तर कदाचित ही शस्त्रक्रियाच टळली असती.

आता नंतरचा काळ. आजींना लवकरात लवकर उठवून बसवणे आणि चालवणे आवश्यक असते. परंतु पुन्हा पडतील, या भीतीने घरचे लोक त्यांना झोपवूनच ठेवतात. काही दिवसांतच स्नायूंची ताकद ओसरू लागते. माकडहाडाजवळ आणि टाचांवर सतत दाब पडून कातडी लालसर होते. तो शय्याव्रणाचा पहिला इशारा असतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, अंथरूण कोरडे ठेवणे, टाचांवर भार येऊ न देणे आणि आहारात पुरेशी प्रथिने देणे एवढ्याने बहुसंख्य शय्याव्रणे टाळता येतात. कोणत्या रुग्णाला हा धोका अधिक आहे, हे ठरवणारी ब्रेडन मोजपट्टी अमेरिकेतील परिचर्या संशोधकांनी १९८७ मध्ये मांडली आणि ती आता जगभर वापरली जाते. संवेदना, ओलावा, हालचाल, अंथरुणात स्थिती बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण देऊन धोका मोजण्याची ही पद्धत कागद-पेन्सिलीवर करता येते.

पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठ होतो, लघवीची नळी दीर्घकाळ ठेवल्याने जंतुसंसर्ग होतो, त्यातून संभ्रमावस्था येते आणि आजी पुन्हा रुग्णालयात दाखल होतात. विमा योजनेत रुग्णालयातून घरी पाठवल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा औषधे व तपासण्यांचा खर्च समाविष्ट असतो. सोळाव्या दिवसापासून जे काही करायचे, ते कुटुंबाने करायचे असते. शय्याव्रण चिघळून पुन्हा भरती व्हावे लागले, तर त्या उपचारांना संरक्षण आहे. ते होऊ नये म्हणून घरी येणाऱ्या परिचारिकेच्या सेवेला मात्र नाही. व्यवस्थेतील हीच विसंगती या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

अंथरुणाला खिळलेला प्रत्येक वृद्ध केवळ आजारामुळे खिळलेला असतो, असेही नाही. इंग्लंडमध्ये डॉ. मार्जरी वॉरन यांनी १९३५ नंतर वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात असाध्य म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेल्या वृद्धांची नव्याने तपासणी केली. त्यांना उठवणे, चालवणे, त्यांच्या वॉर्डातील उजेड आणि खाटांची व्यवस्था सुधारणे, असे उपाय सुरू केले. त्यांपैकी अनेक जण हिंडूफिरू लागले आणि घरी परतले. आधुनिक जराचिकित्सेचा पाया या कामाने घातला गेला, असे मानले जाते.

कार्यक्रमांची आखणी

या विषयाकडे शासनाने लक्षच दिले नाही, असे म्हणता येणार नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण जानेवारी १९९९ मध्ये जाहीर झाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये संमत झाला. शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतो खाटा उपलब्ध असाव्यात आणि त्यांची रांग वेगळी असावी, अशी तरतूद त्यात आहे. २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी १०० जिल्हे त्यासाठी निवडण्यात आले. जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष, ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर आठवड्यातून दोनदा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी विशेष तपासणी, अशी त्याची रचना आहे. विभागीय केंद्रे म्हणून निवडण्यात आलेल्या पहिल्या आठ संस्थांत मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचा आणि सर ज. जी. रुग्णालयाचा समावेश होता. चेन्नईतील गिंडी येथे २०० खाटांचे राष्ट्रीय वार्धक्य केंद्र फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

आठवड्यातून एकदा भरणाऱ्या तपासणीचा लाभ घ्यायचा, तर वृद्ध व्यक्तीला केंद्रापर्यंत जाता आले पाहिजे. ज्यांना चालता येते, त्यांच्यासाठी ही सोय उपयुक्त आहे. जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांची गरज सर्वाधिक आणि पोहोच सर्वांत कमी, अशी स्थिती होते. ही उणीव ध्यानात घेऊन आयुष्मान आरोग्य मंदिरांतील १२ सेवांमध्ये वृद्धांची व उपशामक सेवेचा अंतर्भाव करण्यात आला आहे. त्यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावातील ज्येष्ठांची हिंडतेफिरते, मर्यादित हालचाल असलेले आणि अंथरुणाला खिळलेले अशा तीन गटांत नोंद करायची असते आणि तिसऱ्या गटाला घरी जाऊन सेवा द्यायची असते.

ही आखणी शास्त्रशुद्ध आहे. परंतु उपकेंद्रातील परिचारिकेकडे माता व बालकांची नोंद, लसीकरण, क्षयरोग, मधुमेह व रक्तदाबाची तपासणी अशी अनेक कामे आधीपासूनच असतात. शय्याव्रणाची मलमपट्टी करून घरच्यांना कूस बदलण्याचे तंत्र शिकवायचे, तर एका घरी तासभर सहज जातो. वृद्धांसाठी तिच्या आठवड्यातील किती तास राखून ठेवले आहेत, या एका प्रश्नाच्या उत्तरावर या आखणीचे यश अवलंबून राहील.

परिचारिकांचे शिक्षण आणि पदे

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२१ अखेर देशात ३३ लाखांहून अधिक नोंदणीकृत परिचारिका व परिचारक होते आणि दर हजार लोकसंख्येमागे त्यांचे प्रमाण १.९६ इतके होते. दर हजारी ३ हे प्रमाण अपेक्षित मानले जाते. नोंदणीकृत असलेल्या सर्वच जणी प्रत्यक्ष सेवेत नसतात आणि देशातही राहत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे. आखाती देश, ब्रिटन आणि जर्मनी येथील रुग्णालये मोठ्या प्रमाणावर भारतीय परिचारिकांवर अवलंबून आहेत. जपानशी जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या करारान्वये तेथे कुशल मनुष्यबळ पाठवण्याच्या क्षेत्रांत वृद्धांच्या शुश्रूषेचाही समावेश आहे. इतर देशांतील वृद्धांची सेवा करण्यासाठी भारतातील तरुण-तरुणी शिक्षण घेत असताना स्वदेशातील वृद्धांसाठी तशी पदे निर्माण होत नसतील, तर त्याचा विचार होणे अगत्याचे आहे.

भारतीय परिचर्या परिषदेने वार्धक्य परिचर्येचा पदविकोत्तर विशेष अभ्यासक्रम आखलेला आहे. मात्र असे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला त्या शिक्षणाशी जुळणारे पद आणि वेतन मिळाले, तरच तिकडे ओढा वाढेल. सामान्यतः शासकीय सेवेत परिचारिकेची बदली एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात होत राहते; प्रसूतिगृह, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह यांना जे विशेष स्थान आहे, ते वृद्धांच्या कक्षाला क्वचितच लाभते. राष्ट्रीय परिचर्या व सूतिका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. शिक्षणाची फेररचना करताना वार्धक्य परिचर्येला स्वतंत्र शाखेचा दर्जा देण्याची संधी त्या निमित्ताने उपलब्ध झाली आहे.

घरातील शुश्रूषा

आज प्रत्यक्षात बहुतांश शुश्रूषा घरातील स्त्रिया करतात. सून, मुलगी किंवा पत्नी हीच परिचारिका असते. पतीची सेवा करणारी पत्नी स्वतः सत्तरीची असते. सासूला उचलून बसवणाऱ्या सुनेची कंबर पन्नाशीतच दुखू लागलेली असते. रुग्णाला उचलताना आपल्या पाठीवर ताण येऊ नये म्हणून कसे उभे राहावे, नाकातील नळीतून अन्न देताना डोके किती उंच ठेवावे, लघवीची पिशवी कोठे टांगावी, या साध्या गोष्टीही तिला कोणी शिकवलेल्या नसतात. नोकरी सोडावी लागली, तर त्या नुकसानीची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

शहरांतून पैसे मोजून ब्युरोमार्फत आया किंवा मावशी ठेवण्याचा मार्ग मध्यमवर्गाने स्वीकारला आहे. या स्त्रियांमुळे हजारो घरे सावरली गेली आहेत, यात शंका नाही. तथापि त्यांपैकी अनेकींना औपचारिक प्रशिक्षण मिळालेले नसते. बारा-बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या या स्त्रियांना रजा, विमा वा निवृत्तिवेतन यांची हमी क्वचितच असते. ज्या स्त्रीच्या हाती वृद्ध रुग्ण सोपवला जातो, तिच्या स्वतःच्या वार्धक्याची सोय काय, हाही प्रश्न त्यातून उभा राहतो.

केरळ आणि तमिळनाडूचा अनुभव

यावर उपाय नाही, असे नाही. केरळमध्ये कोळिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या कार्यातून पुढे मलप्पुरम आणि इतर जिल्ह्यांत शेजारी-पाजारी एकत्र येऊन दीर्घकाळ आजारी असलेल्यांची घरी शुश्रूषा करण्याची चळवळ उभी राहिली. २००८ मध्ये केरळने देशातील पहिले राज्यस्तरीय उपशामक सेवा धोरण स्वीकारले. ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून यासाठी तरतूद करावी आणि प्रशिक्षित परिचारिकेने स्वयंसेवकांसह घरोघरी जावे, अशी त्याची रचना आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी सुरू झालेल्या या सेवेचा लाभ पक्षाघात आणि वार्धक्य यांमुळे घरी पडून असलेल्यांनाही मिळू लागला. डॉक्टर आवश्यक तेव्हाच येतात. सेवेचा कणा परिचारिका हीच असते.

तमिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातून लोकांच्या दारी वैद्यकीय सेवा नेणारी योजना सुरू केली. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या घरपोच देण्याबरोबरच उपशामक सेवेची परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या गृहभेटींचा त्यात समावेश आहे. २०२४ मध्ये या योजनेचा संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने गौरव झाला.

या दोन्ही राज्यांतील आरोग्यव्यवस्था आधीपासूनच बळकट होती आणि केरळमध्ये परिचारिकांची परंपरा जुनी आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो काही अंशी खरा आहे. परंतु महाराष्ट्रातही ग्रामपंचायती, महिला बचतगट आणि आशा कार्यकर्त्या यांचे जाळे गावोगाव पसरलेले आहे. उणीव आहे ती या जाळ्याच्या मध्यभागी असायला हव्या असलेल्या वेतनी आणि प्रशिक्षित परिचारिकेची.

पुढील वाट

नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या सेवेतील सुधारणांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. आरोग्य, सामाजिक आधार, आर्थिक सुरक्षा आणि डिजिटल साधने या चारही अंगांनी एकत्रित विचार व्हावा, असे त्यात सुचवण्यात आले आहे. जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र विमा सुरू केला. चाळिशीपासून नागरिक त्यासाठी वर्गणी भरतात आणि घरी येणाऱ्या सेवेचा खर्च त्यातून भागवला जातो. जर्मनीने अशी व्यवस्था १९९५ मध्येच उभी केली होती. भारतातील बहुसंख्य जनता असंघटित क्षेत्रात काम करीत असल्याने ही पद्धत येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तरीही रुग्णालयातून घरी गेल्यानंतर काही ठरावीक गृहभेटींचा खर्च सध्याच्याच विमा योजनेत समाविष्ट करणे, ही त्या दिशेने पहिली पायरी ठरू शकेल. एक शय्याव्रण टळले, तरी पुन्हा भरती होण्याचा खर्च वाचतो. त्यामुळे हा भार संपूर्णतः नवा असणार नाही.

त्याच्या जोडीला तालुकास्तरावर वार्धक्य परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेचे स्वतंत्र पद, घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी रुग्णालयातच दोन दिवसांचे प्रात्यक्षिक, आणि ब्युरोमार्फत काम करणाऱ्या सेविकांची नोंदणी व प्रशिक्षण, एवढ्या गोष्टी झाल्या, तरी बराच पल्ला गाठता येईल. यासाठी नव्या इमारतींची आवश्यकता नाही.

वृद्धांसाठी किती खाटा वाढल्या आणि किती कार्डे वाटली गेली, याची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होत राहील. खुब्याची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या त्या आजी महिनाभरानंतर काठी टेकत अंगणापर्यंत जाऊ शकल्या, की पाठीवरील जखमेसह पुन्हा रुग्णालयात आणाव्या लागल्या, याची नोंद मात्र आज कोठेही नियमितपणे होत नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यविषयक धोरणाचे यश ज्या दिवशी त्या नोंदीवरून मोजले जाऊ लागेल, त्या दिवशी शुश्रूषेच्या प्रश्नाला योग्य स्थान मिळाले, असे म्हणता येईल.